डेस्कटॉप चालूच होत नाही: सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे

बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग प्लग हलवून पाहिला, कॅबिनेटवर एक थाप मारली आणि शेवटी ओळखीत ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं त्याला फोन लावला. त्याने फोनवरच निकाल दिला: "एसएमपीएस गेला असणार." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा. माझं पहिल्यांदा अगदी असंच झालं. नवा एसएमपीएस आणला, सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर होता तसाच ढिम्म. दोन दिवसांनी कळलं की बिघाड कॅबिनेटच्या बटणात होता. जुना एसएमपीएस धडधाकट होता.

त्यानंतर स्वतःची आणि इतरांची बरीच मशिनं उघडली. आता मी एकच शिस्त पाळतो. वीज भिंतीपासून निघून कुठपर्यंत पोचते ते बाहेरून आत शोधत जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर नेमका कशामुळे झाला ते कळत नाही. आठवड्याने पुन्हा बंद पडला की पहिले पाढे पंचावन्न.

१. "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय?

या एका वाक्यामागे चार वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा असतो. बटण दाबा आणि नीट बघा, ऐका.

- पूर्ण शांतता. पंखा नाही, दिवा नाही, कसलाही आवाज नाही.
- पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. कधी आपोआप पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो.
- पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी.
- कंपनीचा लोगो दिसतो, पण विंडोज सुरू होत नाही.

चौथ्या प्रकारात तुमचं मशीन चालू झालेलं आहे. अडचण डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे पहिल्या तिघांबद्दल बोलू.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: शेवटचं व्यवस्थित चालल्यानंतर काय बदललं? नवी रॅम बसवली, टेबल हलवलं, धूळ साफ केली, विजांचा कडकडाट झाला, लाइट जाऊन आली? उत्तर "काहीच नाही" असं येतं, पण जरा आठवून बघा. साफसफाईनंतर बंद पडलेल्या मशिनात बहुतेक वेळा काहीतरी सैल झालेलं असतं, जळलेलं नसतं.

२. हाताशी काय ठेवायचं

- मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च
- मोबाइल, वायरी काढण्याआधी फोटो घ्यायला
- चालत असल्याची खात्री असलेली दुसरी पॉवर केबल
- साधा पांढरा खोडरबर आणि मऊ ब्रश
- सीआर२०३२ नाण्यासारखी बॅटरी, ३ व्होल्टची
- व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असेल तर उत्तम, नसेल तरी बरंचसं काम होतं
- मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीचं, मॅन्युअल. मॉडेलचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं, त्यावरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

कागदपत्रांमध्ये बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून ठेवा. कंपनीचं तयार मशीन असेल तर कॅबिनेटच्या कडेला सील किंवा स्टिकर आहे का ते आधी बघा. वॉरंटी चालू असताना ते फाडण्यात शहाणपण नाही, सरळ सर्व्हिसला द्या.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे बिटलॉकरची (डिस्कवरच्या मजकुराला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर चालू असेल आणि पुढे मदरबोर्ड बदलावा लागला किंवा बायोसची (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग पुसली गेली, तर सुरू होताना विंडोज ४८ अंकी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आत्ताच उघडून लिहून ठेवा.

३. कॅबिनेट न उघडता

कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. मधला एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, स्टॅबिलायझर सगळं बाजूला. इथे एक फसवणूक होते. लोक त्याच बोर्डला मोबाइलचा चार्जर लावून बघतात, तो चालतो, आणि "वीज येतेय" म्हणून पुढे जातात. पण चार्जरला लागणारी वीज किरकोळ असते. आतली पट्टी सैल झालेला बोर्ड चार्जर चालवेल आणि कॉम्प्युटरचा भार आला की मान टाकेल.

मग पॉवर केबल. बहुतेक मॉनिटरना आणि डेस्कटॉपना एकाच प्रकारची केबल लागते. अदलाबदल करून बघा आणि एसएमपीएसच्या बाजूला ती पूर्ण आत गेली आहे ना, ते हाताने दाबून तपासा.

एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. मागची धूळ पुसताना तो बंद होतो आणि मग तासभर शोध चालतो. हसू नका, हे मी केलेलं आहे.

जुन्या एसएमपीएसवर त्याच्याशेजारी ११५ आणि २३० लिहिलेली लाल सरकपट्टी असते. ती तुमच्याकडच्या विजेच्या व्होल्टेजला जुळते ना एवढंच बघा आणि जुळत असेल तर हातही लावू नका. २३० व्होल्टच्या विजेवर ती ११५ वर सरकवून चालू केलं, तर एसएमपीएस जागच्या जागी जातो.

आता मॉनिटर सोडून बाकी सगळं काढा: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, हेडफोन, कीबोर्ड, माऊससुद्धा. यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आतली पिन वाकून दुसरीला टेकली असेल, तर तेवढ्या शॉर्टने अख्खं मशीन अडून बसतं.

शेवटी केबल काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दोन-तीन मिनिटं थांबा, केबल लावा आणि बटण दाबा. यात जादू काही नाही. विजेचा झटका बसला किंवा शॉर्ट झाला की एसएमपीएसचं संरक्षण स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि आतली उरलीसुरली वीज संपेपर्यंत काही वेळा ते कुलूप निघत नाही. लाइट जाऊन आल्यावर बंद पडलेली मशिनं एवढ्यावर उठलेली मी पाहिली आहेत.

४. उघडण्याआधी तीन नियम

पहिला: केबल भिंतीतून काढलेली हवी. बटण बंद केलं एवढं पुरत नाही, कारण केबल जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो.

दुसरा: आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि अधूनमधून करत राहा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला पुरून उरते. लोकरी कपडे आणि गालिचा टाळा.

तिसरा: एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. २३० व्होल्टची वीज आत गेली की कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठते आणि केबल काढल्यानंतरही काही काळ तिथे राहू शकते. तो बदलायचा असतो, घरी दुरुस्त करायचा नसतो.

झाकण उघडल्यावर आधी नुसतं बघा आणि वास घ्या. जळका वास, काळा डाग, डोकं फुगलेले किंवा चिकट द्रव गळलेले कपॅसिटर (छोट्या गोल डब्यांसारखे भाग) दिसले, तर पुढच्या चाचण्या कशाला? त्या भागावर बोट ठेवून मशीन दुरुस्तीला द्या.

५. पूर्ण शांतता असेल तर

केबल लावून, आत हात न घालता, मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा लागतो का ते पाहा. बऱ्याच बोर्डांवर असतो. लागला तर एसएमपीएसचा स्टँडबाय भाग जिवंत आहे. पण तेवढ्यावर अख्खा एसएमपीएस चांगला ठरत नाही, कारण मुख्य भाग वेगळा असतो.

*बटणाची परीक्षा.* कॅबिनेटच्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात जातात. तिथल्या कनेक्टरवर बहुधा 'पॉवर स्विच' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. बटण दाबणं म्हणजे त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडणं, बाकी काही नाही. केबल काढून कनेक्टर उपसा, मॅन्युअलमधल्या आकृतीवरून पिना नक्की करा, केबल लावा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोनच पिनांना सेकंदभर एकत्र स्पर्श करा. मशीन चालू झालं, तर दोष बटणाचा.

हात कापत असेल तर याहून सोपी युक्ती आहे. रीसेट बटणाचा कनेक्टर काढून पॉवरच्या पिनांवर लावा आणि रीसेट बटण दाबा. दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. माझ्या त्या पहिल्या मशिनाचं रीसेट बटण पुढे दोन वर्षं पॉवर बटण म्हणून राबलं.

*एसएमपीएसची परीक्षा.* केबल काढा. मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि बाकीच्या सगळ्या भागांना गेलेल्या वायरी सोडवा. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी यांच्या छिद्रांमध्ये कागदाची पिन वाकवून घाला, हात बाजूला घ्या, मगच केबल लावून मागचा स्विच चालू करा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निदान जागा तरी होतोय. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर अंदाजाने मोजू नका. तुम्हाला १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना हव्या आहेत, त्या आकृतीत बघा.

पंखा फिरला नाही म्हणजे गेलाच, असंही नाही. काही एसएमपीएस भार नसताना पंखा मुद्दाम थांबवून ठेवतात. अशा वेळी कॅबिनेटचा एखादा पंखा त्याला जोडून बघा, किंवा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. काळा प्रोब काळ्या वायरीला आणि लाल प्रोब यांना:

- पिवळी: १२ व्होल्ट, चालेल ११.४ ते १२.६
- लाल: ५ व्होल्ट, चालेल ४.७५ ते ५.२५
- नारिंगी: ३.३ व्होल्ट, चालेल ३.१४ ते ३.४६ च्या दरम्यान
- जांभळी: ५ व्होल्ट स्टँडबाय, ही केबल लावल्याक्षणी यायला हवी

आकडे या मर्यादेबाहेर असतील तर एसएमपीएस बदला. आत असतील तर तो *बहुधा* चांगला आहे. बिनभाराच्या परीक्षेत पास होऊन भार आल्यावर कोसळणारेही असतात, म्हणून शंका उरली तर दुसऱ्या चालू मशिनातला एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं हाच खरा पुरावा.

आणि नवा बसवताना एक मोठा सापळा. ज्यांच्या वायरी काढता-घालता येतात अशा एसएमपीएसपैकी एकाच्या केबल दुसऱ्याला लावू नका, अगदी एकाच कंपनीच्या असल्या तरी. मदरबोर्डकडचं टोक ठरावीक असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला तसा कुठलाही प्रमाणित नियम नाही. कनेक्टर नीट बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. जुन्याबरोबर त्याच्या सगळ्या वायरी काढा आणि नव्याबरोबर आलेल्याच लावा.

६. पंखा फिरतो आणि थांबतो

इथे वीज पोचते, पण काहीतरी तिला परत पाठवतंय. आधी प्रोसेसरची वायर बघा. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. स्वतः मशीन जोडणारे हाच विसरतात, कारण २४ पिनांचा मोठा कनेक्टर लावला की काम झाल्यासारखं वाटतं.

मग शॉर्ट शोधा. कॅबिनेटमध्ये पडलेला सुटा स्क्रू, किंवा मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला, बोर्ड ज्यावर टेकवून बसवतात तो पितळी खुंट. बोर्डला जिथे भोक नाही तिथे खुंट असेल, तर तो मागून सोल्डरला टेकतो. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. ज्याला काढल्यावर मशीन टिकलं, तो गुन्हेगार.

पाच-दहा सेकंद किंवा मिनिटभर चालून बंद होत असेल तर प्रोसेसरचा पंखा आणि हीटसिंक (त्याखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) बघा. पंखा अडकलाय का, हीटसिंकचा एखादा खटका निघालाय का? तापमान मर्यादेपलीकडे गेलं की प्रोसेसर जीव वाचवायला मशीनच बंद करतो. हीटसिंक काढलात तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

७. पंखे फिरतात, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि दिलासा असा की सगळ्यात जास्त मशिनं इथूनच घरच्या घरी सुटतात.

आधी मॉनिटर. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का, इनपुट बरोबर निवडलंय का? आणि केबल कुठे लावली आहे? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल *त्या कार्डाला* हवी, वरच्या बाजूच्या मदरबोर्डच्या पोर्टला नको. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असतं, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डच्या पोर्टवर कितीही वाट पाहिली तरी काही दिसायचं नाही.

मग रॅम. केबल काढून सगळ्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या) बाहेर काढा. सोनेरी संपर्कांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण ब्रशने झटका, बोट लावू नका. स्लॉटमधली धूळही ब्रशने काढा. आता एकच स्टिक बसवा. मॅन्युअलमध्ये एका स्टिकसाठी ठरावीक स्लॉट दिलेला असतो, चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. खाच जुळवून दोन्ही टोकांना समान दाबा, 'टक' असा आवाज यायला हवा. नवखे लोक बोर्ड मोडेल म्हणून घाबरतात आणि स्टिक अर्धवट राहते. जोर लागतो, लावा. एकीने चालू झालं नाही तर दुसरी, मग दुसरा स्लॉट. कंटाळवाणं आहे, पण एखाद्या मशिनात फक्त एक स्लॉट मेलेला असतो आणि तो असाच सापडतो.

नव्या मशिनात डीडीआर५ रॅम असेल तर धीर धरा. पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोस पुसल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. या काळात घाबरून बटण दाबत राहिलात, तर ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतं.

बोर्ड काही सांगतोय का तेही बघा. बऱ्याच नव्या बोर्डांच्या कडेला चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. जो लागून राहतो तिथे गाडी अडली आहे. जुन्या बोर्डांत स्पीकरमधून बीप येतात. त्यांचा अर्थ बायोस कोणत्या कंपनीचा आहे त्यानुसार बदलतो, त्यामुळे इंटरनेटवर सापडलेला पहिला तक्ता लावू नका, तुमच्या बोर्डचं मॅन्युअलच बघा.

ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा दाबून बसवा आणि त्याची वेगळी वायर लावली आहे का ते तपासा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागतेच. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून मॉनिटर मदरबोर्डला लावा. चित्र आलं तर संशय कार्डावर.

त्यानंतर बायोसची सेटिंग पुसा. केबल काढा, नाण्यासारखी बॅटरी काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि बॅटरी परत बसवा, जुनी असेल तर नवी. अधिकची बाजू वर. घड्याळ मागे जाईल, ते नंतर लावता येतं.

प्रोसेसर नुकताच बदलला असेल आणि वरचं सगळं करूनही स्क्रीन काळीच असेल, तर बोर्डच्या साइटवर त्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते ते बघा. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि मशीन अगदी मेल्यासारखं वागतं.

८. तरीही नाही? मग सगळं बाहेर काढा

मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकचकीत पिशवीत तो येतो तिच्यावर नको, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. फक्त प्रोसेसर, हीटसिंक आणि त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएसच्या दोन्ही वायरी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. डिस्क नाही, कॅबिनेटच्या वायरी नाहीत. मघाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने जोडून चालू करा.

बायोस दिसलं तर एकेक भाग जोडत परत जा. कॅबिनेटबाहेर चालतं आणि आत बसवल्यावर नाही, असं झालं तर खुंट किंवा शॉर्टकडे वळा. बाहेरही काहीच नाही आणि एसएमपीएस बदलून पाहिलेला आहे, तर उरतो मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. या दोघांत बोर्डच आधी जातो. प्रोसेसर मेलेला मी क्वचितच पाहिला आहे.

९. दुरुस्तीला देण्याची वेळ

चालू करताच घरातला फ्यूज उडतो, ठिणगी दिसते किंवा धूर येतो, तर वरचं काहीही करून बघू नका. केबल काढा आणि तिथेच थांबा. मशीन वॉरंटीत असेल तरीही तेच.

देताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. चारपैकी कोणती तक्रार आहे, काय काय बदलून पाहिलं आणि प्रत्येक वेळी काय झालं, हे कागदावर लिहून द्या. मोठ्या भागांवरचे सिरियल नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

वॉरंटीचं सील फाडावं लागणार नसेल तर डिस्क मात्र आधी काढून घ्या. मशीन चालू होत नाही म्हणजे फोटो आणि फायली गेल्या, असं मुळीच नाही. एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड बिघडला तरी डिस्कवरचा मजकूर सहसा जिथल्या तिथे असतो. साटा डिस्क असेल तर दोन केबल काढायच्या आणि चार स्क्रू. मदरबोर्डवर आडवी बसलेली एम.२ असेल तर एकच बारीक स्क्रू, तो खाली पडला तर टॉर्च लागेल. यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, बिटलॉकर असेल तर मघाशी लिहून ठेवलेली की द्या, आणि कॉपी पूर्ण झाली की मगच बाकीचं मशीन घेऊन घराबाहेर पडा.